कुलथेसाहेबांचा हात

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकीची खुर्ची ठरलेली होती. फक्त माझ्या शेजारची ठरलेली नव्हती. मी नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षी ती बहुतेक रिकामीच असायची. पगारे हे आडनाव ऐकल्यावर काही जणींना खिडकीजवळचा वारा एकदम आवडू लागला होता. मी त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं होतं. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट असेल. जूनमध्ये शास्त्राच्या नव्या बाई आल्या, त्या खुर्चीवर बसल्या, डबा उघडला आणि म्हणाल्या, "शेवग्याच्या शेंगांची आमटी आहे. घ्याल थोडी?"

त्या निर्मला कुलथे. पुढची पंधरा वर्षं त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नाही.

बुटक्या होत्या. अंगावर कायम सुती साडी, डाव्या हातात एक पाटली आणि उजवं मनगट मोकळं. सवाष्ण बाईचं मोकळं मनगट त्या काळी लोकांच्या डोळ्यांवर यायचं. कोणी टोकलं तर बाई एवढंच म्हणायच्या, "वाजतात बांगड्या." बाकीच्या हसायच्या, कारण बांगड्या वाजायच्याच असतात.

आणखी एक सवय होती. बसल्या बसल्या त्यांच्या उजव्या हाताचं बोट टेबलावर हलायचं. वह्या तपासताना, चहाची वाट बघताना, मुख्याध्यापिकाबाई सूचना देत असताना. चित्रकलेच्या बाईंनी तर शिरांचा आजार आहे असं ठरवूनच टाकलं होतं. महिनाभराने मी विचारलं.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "मोठ्या बाई बोलतात ते वाजवून बघते. त्या एका वाक्यात तीनदा 'म्हणजे काय की' म्हणतात. हात चांगला बसतो."

मग त्यांनी मला समजावलं. तारेची जी कट्ट-कड्ड भाषा असते, मोर्सची, ती. त्यांच्या यजमानांना हौशी रेडिओचं लायसन्स होतं. हौशी रेडिओ म्हणजे आकाशवाणी नव्हे. साध्यासुध्या माणसांनी सरकारची परीक्षा देऊन घरातच छोटं प्रक्षेपणाचं मशीन बसवायचं आणि जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलायचं. तोंडाने बोला किंवा मोर्सने वाजवा. पैसे मिळत नाहीत, कामाचं बोलायचं नाही, राजकारण काढायचं नाही. मी म्हटलं, "मग बोलायचं काय?"

"आमच्याकडे ऊन आहे, तुमच्याकडे काय, असं," बाई म्हणाल्या. "या एकदा घरी."

त्यांचं घर नाशिकच्या गंगापूर रोडला होतं, तेव्हा तिथे पेरूच्या बागा होत्या. जिन्यावर एक लहान खोली होती, पूर्वी अंथरुणं ठेवायची. त्यात एका लाकडी टेबलावर मशीन मांडलेलं. भिंतीभर रंगीत कार्डं. एकदा संपर्क झाला की दोन्हीकडचे लोक आठवण म्हणून एकमेकांना कार्ड पाठवतात. जपान, फिनलंड, ब्राझील. मी मराठीची बाई. भूगोलाच्या पुस्तकाबाहेर ही नावं मी पहिल्यांदाच पाहत होते. प्रत्येक कार्डावर लिहिलेलं होतं: प्रिय ओल्ड मॅन अरविंद. ओल्ड मॅन म्हणजे म्हातारा नव्हे, त्या लोकांत सगळ्यांनाच प्रेमाने तसं म्हणतात. आणि जवळजवळ प्रत्येक कार्डावर मोर्सची स्तुती. किती स्वच्छ हात, किती सुंदर हात.

अरविंद कुलथे म्हणजे साहेब. सातपूरला एका कारखान्यात इंजिनिअर होते. उंच, देखणे, आवाज भारदस्त. माझं स्वागत इतकं मनापासून केलं की मी संकोचले. कार्डं एकेक करून दाखवली. बाई चहा करायला खाली गेल्या.

ती कार्डं कुणाची, हे मला कळायला पुढचं वर्ष उजाडलं.

तेही बाईंनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मला मोर्स शिकवता शिकवता बोलण्याच्या ओघात निघालं. मीच हट्ट धरला होता शिकण्याचा. बाई मधल्या सुट्टीत शिकवायच्या, पितळी डब्याच्या झाकणावर चमच्याने. त्यांची पद्धत ठरलेली होती. कागदावर टिंबं आणि रेघा काढलेल्या त्यांना चालायच्या नाहीत. "ते डोळ्यांचं झालं. हे कानाचं आहे. 'क' ऐकल्यावर तुम्ही उभी रेघ मोजता का? नाही ना? मग हेही तसंच ऐका, दा-दी-दा, झालं." चुकलं की मागे जाऊ द्यायच्या नाहीत. "गेलं ते गेलं. पुढचं सुटेल."

मी अर्ध्या मुळाक्षरांपर्यंत पोचले आणि अडकले. त्यावर त्या म्हणाल्या, "साहेबांचंही असंच व्हायचं. क्यू आला की चिडायचे."

साहेबांनी कुठल्याशा मासिकात या छंदाबद्दल वाचलं आणि परीक्षा द्यायचं मनावर घेतलं. परीक्षेला मोर्स ऐकून लिहावं लागे. सरावासाठी समोरून कोणीतरी पाठवणारं हवं. मग बाईंनी बॅटरीचा सेल, पितळेची पट्टी आणि बझर यांचं एक खेळणं केलं आणि रोज जेवणं झाल्यावर अर्धा तास त्या वाजवायच्या, साहेब लिहायचे. तीन-चार महिने. वाजवता वाजवता बाई शिकल्या. ऐकता ऐकता साहेब कसेबसे शिकले. पहिल्या वेळी नापास झाले.

"माझ्यावरच चिडले," बाई म्हणाल्या. "म्हणाले, तू फार स्वच्छ पाठवतेस, परीक्षेत असं नसतं. मग मी थोडं वाईट पाठवायला लागले. दुसऱ्या वेळी पास झाले."

तेव्हा नियम असा होता की नव्या माणसाने आधी मोर्सवर ठरावीक संपर्क करायचे, त्याची नोंदवही दाखवायची, मगच तोंडाने बोलायची परवानगी. साहेबांना बोलायचंच होतं. त्यांचा आवाज त्यासाठीच होता. पण मोर्सच्या चावीवर, म्हणजे वाजवायच्या खटक्यावर, त्यांच्या हाताला घाम यायचा. समोरचा पुन्हा पुन्हा विचारायचा, काय म्हणालात? तिसऱ्या दिवशी ते उठले आणि म्हणाले, "तू बस जरा. मी सांगतो ते वाजव." थोडे दिवस ते शेजारी उभे राहून सांगत होते. मग नुसतेच शेजारी बसू लागले. मग खाली पेपर वाचू लागले. संपर्क पुरे झाले, बोलायची परवानगी आली, साहेब मायक्रोफोनवर गेले. पण बाई चावीवरून उठल्या नाहीत.

"चोरी आहे ही," त्यांनी मला सरळ सांगितलं. "लायसन्स त्यांचं, हात माझा. मला परवानगी नाही. पण पगारेबाई, सोडवत नाही."

पहाटे पाचला उठून त्या जिन्यावरच्या खोलीत जायच्या, कानाला हेडफोन लावायच्या, म्हणजे सासूबाईंची झोपमोड नको. साडेसहाला खाली येऊन स्वयंपाक. कच्च्या कागदावर पेन्सिलीने सगळं उतरवलेलं असायचं. रविवारी साहेब तो कागद घेऊन बसायचे आणि शाईच्या पेनाने, स्वतःच्या वळणदार अक्षरात, सरकारी नोंदवहीत उतरवून काढायचे. कार्डंही तेच भरायचे. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. घरातली बरीच कामं बाई करायच्या आणि नाव घराचं व्हायचं, त्यातलंच हे एक.

मशीनही बाईंनीच केलेलं. त्यांचे वडील सराफ बाजारात कारागीर होते. दुकान दुसऱ्याचं, हात यांचा. लहानपणी त्या वडिलांच्या मांडीशी बसून डाग द्यायला, म्हणजे सांधे झाळायला शिकल्या होत्या. "हात थरथरला तर बाबा बोलायचे नाहीत. तोच दागिना पुन्हा माझ्या हातात द्यायचे." देवळाली कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून लष्कराचे जुने सुटे भाग आणून, पाइपच्या तुकड्यांवर तांब्याची तार गुंडाळून त्यांनी ते मशीन उभं केलं. त्याचे सांधे मी पाहिले आहेत. कानातल्या बाळीच्या फासासारखे बारीक आणि चकचकीत.

मोर्स वाजवणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो म्हणतात, अक्षरासारखा. जाणकार माणूस दोन शब्दांत ओळखतो. मला भाषा येत नव्हती, तरी सुट्टीच्या दिवशी पहाटे मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे तेव्हा एवढं कळायचं की त्या घाई करत नाहीत. शब्द संपला की जरा थांबायच्या. दार लावून घेताना आवाज होऊ नये म्हणून बाई माणूस थांबतं, तसं.

त्या हाताचा सर्वांत मोठा चाहता होता अ‍ॅलेक. स्कॉटलंडच्या उत्तरेला राहणारा निवृत्त माणूस, हयातभर जहाजांवर रेडिओ ऑपरेटर होता. त्याला झोप येत नसे. आपल्याकडे पहाट असे तेव्हा त्याच्याकडे मध्यरात्रीची वेळ, आणि तो बाईंची, म्हणजे अरविंदची वाट बघत बसलेला असे. आठवड्यातून तीन-चार वेळा, वर्षानुवर्षं. त्याची बायको वारली तेव्हा त्याने मुलाच्या आधी अरविंदला सांगितलं. बाई त्या दिवशी शाळेत आल्या त्या डोळे सुजवून. सगळ्यांनी विचारलं, कोण गेलं? काय सांगणार?

एकदा अ‍ॅलेकने विचारलं, तुझा हात इतका स्थिर कसा? तेव्हा बाईंनी न राहवून वाजवलं, माझे वडील सोनारकाम करायचे. ते साहेबांनी रविवारी कागदावर वाचलं.

"माझे वडील कोर्टात कारकून होते," ते म्हणाले. "असलं काहीतरी कशाला सांगतेस? उद्या मला कोणी विचारलं तर?"

बाईंनी ती ओळ खोडली. नोंदवहीत ती गेली नाही.

एका वर्षी पूर्व किनाऱ्यावर मोठं वादळ झालं. तारा तुटल्या, टेलिफोन गेले. तिकडचा एक हौशी रेडिओवाला मोटारीच्या बॅटरीवर मशीन चालवत होता. त्याची बॅटरी उतरत चाललेली, आवाज पोचत नव्हता, फक्त मोर्स पोचत होतं, तेही चाळणीतून आल्यासारखं. ते नीट ऐकू येत होतं नाशिकला. बाईंनी शाळेत तापाची चिठ्ठी पाठवली आणि दोन दिवस त्या टेबलावरून उठल्या नाहीत. औषधं, होड्या, कुठल्या गावात किती माणसं अडकली, सगळं त्या उतरवून घेत होत्या आणि साहेब खाली फोनवरून अधिकाऱ्यांना कळवत होते. खोटं कशाला बोलू, साहेबांनीही त्या दोन दिवसांत पाठ टेकली नाही. सासूबाई बाईंना वर भात भरवत होत्या, हे सासूबाईंनीच मला कौतुकाने सांगितलं.

महिन्याभरात शहरातल्या मंडळींनी साहेबांचा सत्कार ठरवला. साहेब बाईंना घेऊन माझ्याकडे आले. "पगारेबाई, तुम्ही भाषेच्या. माझं भाषण जरा लिहून द्या."

मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "चांगलं लिहा. त्यांना बरं वाटेल."

मी लिहिलं. आयुष्यात त्याच्याइतकं चांगलं मी दुसरं काही लिहिलं नाही, याची मला आजही लाज वाटते. त्यात एक वाक्य होतं: 'त्या दोन दिवसांत माझी बोटं माझी नव्हती, ती त्या बुडणाऱ्या माणसांची होती.' साहेबांनी ते असं म्हटलं की समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ते म्हणताना त्यांनी उजवा हात वर करून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बाई बसल्या होत्या. त्यांनीही वाजवल्या.

तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. धोतर, काळी टोपी. मनमाडला रेल्वेत तारमास्तर होते म्हणाले, आता निवृत्त. "साहेब, एक विनंती. फार वर्षांत कोणाचा हात ऐकला नाही. या टेबलावर माझं नाव तेवढं वाजवून दाखवा. दगडू सखाराम."

हॉल कौतुकाने हसला. साहेबही हसले. "मास्तर, माफ करा. त्या दोन दिवसांत मनगट दुखावलं आहे. डॉक्टरांनी हलवू नको सांगितलंय."

पुन्हा टाळ्या पडल्या. दुखावलेल्या मनगटाला तर जास्तच.

नंतर चहा होता. आम्ही दोघी कोपऱ्यात उभ्या होतो. तारमास्तर बशी हातात घेऊन आमच्या बाजूने जात होते. जाता जाता सवयीने असेल, त्यांच्या नखाने बशीवर काहीतरी वाजवलं. चार-पाच अक्षरं, जास्त नाही. आणि बाईंच्या बोटाने कपावर उत्तर दिलं. त्यांना कळायच्या आत दिलं. त्यांनी कप घाईने खाली ठेवला.

मास्तर थांबले. बाईंच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं, दूर हारात उभ्या असलेल्या साहेबांकडे पाहिलं.

"असं होय," ते म्हणाले.

"कोणाला सांगू नका," बाई हळूच म्हणाल्या.

"मी कोणाला सांगणार बाई? माझं कोण ऐकतंय आता." त्यांनी बशी खाली ठेवली, बाईंना नमस्कार केला आणि चहा न घेता गेले.

चार दिवसांनी बाईंनी परीक्षेचा फॉर्म मागवला.

साहेबांनी विरोध केला नाही. विरोध केला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. ते म्हणाले, "कर की. हौस आहे तर कर. पण एका घरात दोन लायसन्स घेऊन करणार काय?" परीक्षा मुंबईला होती. साहेबांना रजा नव्हती म्हणून मी सोबत गेले. सकाळच्या गाडीत बाईंनी पुस्तक उघडलं नाही, खिडकीतून बाहेर बघत होत्या. परीक्षेच्या खोलीत बाराएक पुरुष आणि या एकट्या. मोर्स इतकं सावकाश होतं, त्यांनी नंतर सांगितलं, की दोन अक्षरांच्या मध्ये शाळेच्या वेळापत्रकाचा विचार करून झाला. मग वाजवून दाखवायचं होतं. परीक्षकांनी अर्ध्यातच थांबवलं आणि विचारलं, "कुठे शिकलात?"

"नवऱ्याला शिकवताना," बाई म्हणाल्या.

परीक्षकांना तो विनोद वाटला. ते मोकळेपणाने हसले. बाई बाहेर येऊन मला हे सांगताना स्वतःही हसल्या. परतीच्या गाडीत इगतपुरीला त्यांनी बटाटेवडे घेतले आणि मला म्हणाल्या, "आता मी माझं नाव सांगणार सगळ्यांना. अ‍ॅलेकला आधी."

पास झाल्यावरही लायसन्स हाती यायला त्या काळी फार दिवस लागायचे. बाईंचं यायला दोन वर्षांच्या वर गेली. एक हवालदार चौकशीला येऊन गेला, त्याने सगळं साहेबांनाच विचारलं. या सबंध काळात बाईंनी चावीला हात लावला नाही. "अर्ज दिलाय, आता चोरी नको." पहाटे उठायची सवय मोडेना, म्हणून त्या पाचला उठून अंगण झाडायच्या. अरविंद कुलथे हे नाव मोर्सवर गप्प झालं. जगभरातून पत्रं येऊ लागली, काय झालं, बरा आहेस ना? उत्तरं साहेब लिहीत होते. काय लिहीत होते, ते बाईंनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास लायसन्स आलं. रेडिओवर ओळख सांगायला सरकार देतं ती अक्षरं, आता बाईंच्या स्वतःच्या नावाची. बाई पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. सगळ्यांनी खाल्ले, कशाचे ते दोघी-तिघींनीच विचारलं.

पहिल्या पहाटे मी हजर होते. बाईंनी अंघोळ करून नवी साडी नेसली होती. टेबलाला हळदकुंकू लावलं होतं, आणि त्यावरून स्वतःलाच हसल्या होत्या. त्या वाजवत होत्या आणि काय वाजवलं, काय आलं, ते डाव्या-उजव्या बाजूला पेन्सिलीने लिहीत होत्या. मी खांद्यावरून वाचत होते. अ‍ॅलेक सापडला. तिसऱ्याच हाकेला सापडला. बाईंनी नाव सांगितलं: निर्मला. मग त्यांनी ते वाजवलं जे दोन वर्षं मनात तयार करून ठेवलं होतं. इतकी वर्षं तुझ्याशी बोलत होते ती मी होते. अरविंदच्या नावाने. मला माफ कर. हात माझा आहे, तू ओळखशील.

 मग पेन्सिल हलू लागली, एकेक अक्षर. मी ते इंग्रजीतून वाचत होते, ते असं होतं:

'प्रिय निर्मला, तुझं स्वागत. अरविंदने पत्रात कळवलं होतं की त्याचं मनगट गेलं आणि तो आता पत्नीला शिकवतो आहे. तुझ्या गमतीचं कौतुक वाटलं. त्याची नक्कल तू फार छान करतेस, जवळजवळ फसलो. पण नक्कल करू नकोस. स्वतःचा हात शोध, वेळ लागेल. अरविंदला सांग, त्याची आठवण येते. त्याच्यासारखा हात मी पुन्हा ऐकला नाही.'

शेवटपर्यंत पेन्सिल कुठे अडखळली नाही. बाईंना ऐकून लिहायची सवय होती; अर्थ नंतर लागतो. त्यांनी शेवटच्या टिंबापर्यंत सगळं उतरवलं, मग पेन्सिल ठेवली, मग ते वाचलं.

मी म्हटलं, "बाई, परत सांगा त्याला. काहीतरी असं सांगा की जे तुम्हा दोघांनाच माहीत आहे. त्याची बायको गेली तेव्हाचं."

"ते सगळं नोंदवहीत आहे," बाई म्हणाल्या. "यांच्या अक्षरात. तो म्हणेल, नवऱ्याने वाचायला दिलं."

त्यांनी चावीवर नेहमीचा निरोप वाजवला, धन्यवाद, शुभेच्छा, आणि मशीन बंद केलं. खाली साहेब दाढी करत होते. "झालं का उद्घाटन?" त्यांनी विचारलं. बाई "झालं" म्हणाल्या आणि कणीक भिजवायला घेतली.

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. सोमवारी डबा खाताना मी विचारलं, "तुम्ही त्यांना बोलला नाहीत?"

"बोलले."

"मग?"

"म्हणाले, मी तरी काय लिहायचं होतं? लोक सारखे विचारत होते. आणि तू सांगायलाच नको होतंस. माझी अब्रू काय राहिली असती?" बाईंनी डब्यातली भाकरी मोडली. "आणि म्हणाले, तुला कमी काय केलं मी? लायसन्स हवं होतं, घेऊ दिलं."

त्यानंतर त्या दोन-तीनदा चावीवर बसल्या असतील. नव्या नावाला कोणीतरी उत्तर द्यायचं, हवामान विचारायचं, नवखीला सांभाळून घ्यायचं. एकाने सावकाश वाजवून त्यांना धीर दिला. भिंतीवरची तीन कार्डं पूर्वी त्यानेच पाठवलेली होती. मग त्या बसेनाशा झाल्या. लायसन्सच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला होता, तो त्यांनी भरला नाही. मी आठवण केली तर म्हणाल्या, "दहावीच्या प्रॅक्टिकल आहेत." पुढच्या वर्षीही प्रॅक्टिकलच होत्या.

परदेशी यंत्रं आणायला सवलत मिळाली तसं साहेबांनी जपानी मशीन आणलं, छोटं, चकचकीत, मायक्रोफोनवालं. जुनं मशीन जिन्याखाली गेलं. शहरातले नवे हौशी लोक साहेबांकडे शिकायला यायचे. त्यांना ते मोकळ्या मनाने सगळं शिकवायचे आणि मोर्स मात्र पुस्तकातून करा म्हणायचे. बाई सगळ्यांना चहा द्यायच्या. एकदा मी पाहिलं, त्यांच्या उजव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. 

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर साहेब हृदयविकाराने गेले. अचानक, कारखान्यातच. त्यांच्या मित्रांनी ही बातमी रेडिओवरून जगभर कळवली. त्या लोकांत कोणी गेलं की मेला म्हणत नाहीत, त्याची चावी शांत झाली म्हणतात. महिन्याभराने पत्रं येऊ लागली. जपान, फिनलंड, ब्राझील. बाईंनी मला बोलावलं. "इंग्रजी समजतं मला, पण उत्तर लिहिताना गडबडते. मला तेवढंच इंग्रजी येतं जेवढं वाजवता येतं."

आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून एकेक पत्र उघडत होतो. बहुतेकांत तेच होतं. असा हात पुन्हा होणे नाही. काही जणांनी वर्षं लिहिली होती, अमक्या पहाटे त्याने मला अमुक सांगितलं, मी विसरलो नाही. बाई वाचायच्या आणि कधी कधी म्हणायच्या, "हो, याला मुलगी झाली होती तेव्हा." मी पंधरा वर्षं त्यांच्या शेजारी बसले होते. स्वतःच्या मरणाची पत्रं अशी शांतपणे वाचणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

अ‍ॅलेकचं पत्र शेवटी आलं. अक्षर थरथरतं. त्याने लिहिलं होतं: 'बाई, एकदा मी तुम्हाला नक्कल करू नका म्हटलं होतं. त्याबद्दल क्षमा करा. आता वाटतं, ती नक्कल पुन्हा ऐकायला मिळाली तर बरं होईल.'

मी म्हटलं, "बाई, आता तरी सुरू करा. लायसन्स पुन्हा काढा. आता तर..." 

"आता केलं तर लोक म्हणतील, नवऱ्याची आठवण म्हणून करते बिचारी," बाई म्हणाल्या. "म्हणजे पुन्हा त्यांच्याच नावाने वाजवायचं."

अ‍ॅलेकला काय लिहायचं विचारलं, तर म्हणाल्या, "सगळ्यांना लिहिलंय तेच लिहा. तुमच्या शब्दांबद्दल आभारी आहे. ते तुमची फार आठवण काढायचे." मी तसंच लिहिलं. लिहून देणं मला जमत होतंच. त्यांनी खाली सही केली: सौ. लिहिणार होत्या, थांबल्या, श्रीमती लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या सगळा गठ्ठा पिशवीत घालून पोस्टात गेल्या. मी बरोबर होते. खिडकीवरचा कारकून तरुण होता. एकेक पाकीट वजनकाट्यावर ठेवत, देशांची नावं वाचत त्याने कौतुकाने मान वर केली.

"बाई, एवढी परदेशात ओळख? कोण असतं तुमचं तिकडे?"

बाई तिकिटं ओल्या स्पंजावर टेकवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझं कोणी नाही. यांचे मित्र आहेत."

आणि पुढचं पाकीट त्यांनी खिडकीतून आत सरकवलं.